मोटारसायकलचा सांगाडा आणि नवशिक्याचें वेल्डिंग

खेडोपाडीं वीज पोंचली आणि एका हातानें उचलून नेतां येतील अशीं वेल्डिंगचीं लहान यंत्रें बाजारांत मिळूं लागलीं, तेव्हांपासून पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं हें यंत्र दिसूं लागलें आहे. कुळवाची फास, गोठ्याचें फाटक, पाण्याच्या टाकीची घडवंची हीं कामें घरच्या घरीं होतात. पैसा वांचतो आणि ऐन हंगामांत तालुक्याला घालावे लागणारे खेटेही वांचतात. ही गोष्ट इष्टच होय. परंतु फाटक सांधतां येऊं लागलें कीं घरांतील तरुण मुलाची दृष्टि अंगणांतील मोटारसायकलकडे वळते. दुधाचे कॅन वाहून वाहून सांगाड्यास मागील बाजूस तडा गेलेला असतो. "दोन टांके मारले कीं झालें," असें चिरंजीव म्हणतात. ते टांके त्यांनीं मारावे कीं मारूं नयेत, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आमचें उत्तर आरंभींच सांगतों. सांगाड्याच्या मुख्य नळ्या, हँडल जींत फिरतें ती पुढची उभी नळी, आणि मागच्या चाकाचा चिमटा जेथें बसतो ती जागा, यांस नवशिक्यानें हात लावूं नये. सामानाचा कॅरियर, साडीगार्ड असल्या कामांवर त्यानें खुशाल हात बसवावा.

असा भेद कां, तर फाटकाचा सांधा सुटला म्हणजे फाटक लोंबतें. सांगाड्याचा सांधा सुटतो तो बहुधा गाडी चालू असतांना, आणि त्या वेळीं वर घरचेंच माणूस बसलेलें असतें. शिवाय पोलाद एकाच धक्क्यानें तुटतें असें नाहीं. खड्ड्यांचे व इंजिनाचे बारीक हिसके लक्षावधि वेळां बसतात, आणि जेथें लहानशी खाच असेल तेथून तडा केसाकेसानें पुढें सरकतो. आज सांधा धरला म्हणजे सहा महिन्यांनीं तो धरील असें म्हणतां येत नाहीं.

आतां नवशिक्याच्या हातून नेमकें काय होतें तें पाहूं. फाटकाचा अँगल पांच मिलिमीटर जाड असतो. सांगाड्याची नळी बहुधा दोन-तीन मिलिमीटरच्या आंतच असते. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला शंभर अँपियरच्या आसपास प्रवाह लागतो. तेवढा पातळ नळीवर सोडला कीं भोंक पडतें. भोंक पडलें कीं नवशिका भितो व प्रवाह कमी करतो. मग वितळलेला रस नळींत न मुरतां तिच्यावर नुसता बसतो. वरून सांधा सुबक दिसतो, आंत मात्र जोड झालेलाच नसतो. भोंक निदान डोळ्यांस दिसतें. हा दुसरा दोष दिसत नाहीं, म्हणून आम्ही तो अधिक वाईट समजतों. तिसरा दोष सांध्याच्या कडेचा. प्रवाह प्रमाणाबाहेर असला कीं कडेस नळीचें अंग खाल्लें जाऊन खाच पडते, आणि नवा तडा सांध्यांत न जातां त्या खाचेंत जातो.

याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे ओढ. तापलेलें लोखंड थंड होतांना आकसतें व नळीस आपल्याकडे ओढतें. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. मोजणीच्या आरंभीं रेषेंत थोडा फरक पडला तर शेताच्या दुसऱ्या टोकाशीं हद्दीचा दगड कोठल्या कोठें जातो हें आम्ही पाहिलेलें आहे. येथेंही तसेंच. दोन चाकांतील अंतर सव्वा मीटर धरलें, तर पुढें एक अंशाचा फेर पडल्यास मागें सुमारें २२ मिलिमीटरचा फरक पडतो. मग गाडी एका अंगास ओढते आणि टायर एका बाजूनें झिजतो. म्हणून जाणता कारागीर सांगाडा घट्ट आवळून, आळीपाळीनें समोरासमोर टांके देत काम करतो आणि नंतर मापें घेतो.

जुन्या गाडीस पूर्वीं कोणी गॅसवर पितळ भरलें असेल, तर त्याच जागीं विजेचें वेल्डिंग करूं नये. वितळलेलें तांबें पोलादाच्या कणांत शिरून तें तडकतें. ॲल्युमिनियमच्या भागांचा तर विचारच नको. ती धातु ६६० अंशांस वितळते, पण तिजवरील गंजाची पापडी २००० अंशांच्या वर. साध्या रॉडचें तें काम नव्हे.

जिवाचा धोका वेगळाच. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी, रिकामी असली तरी. भरलेल्या टाकीपेक्षां रिकामींतील वाफ भडकण्यास अधिक सोपी. ही वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्या; १ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत इंधन सोडण्याचें काम बहुधा विजेच्या पेटीकडे असतें, व ती जळाली तर खर्च मोठा. अर्थिंगची क्लॅम्प सांध्याच्या शेजारींच लावावी, नाहीं तर प्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन तीं बिघडतात. काळी कांच न लावतां ठिणगी पाहिली तर त्या क्षणीं कांहीं वाटत नाहीं. रात्रीं डोळ्यांत वाळू गेल्यागत होतें.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें गाडीच्या मूळ नोंदींत फरक पडेल असा बदल करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें १८२-अ कलमांत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. मोडलेलें पूर्ववत् करणें निराळें, व सांगाडा कापून लांब करणें निराळें. सांगाड्याचा नंबर बहुधा पुढच्या नळीवरच ठोकलेला असतो. त्यावर ग्राइंडर फिरला तर विक्रीच्या वेळीं कागद व गाडी जुळत नाहीं, आणि मग खुलासे देत बसावें लागतें.

ज्यास हात बसवावयाचा आहे त्यानें तितक्याच जाडीच्या नळीचे तुकडे सांधावे, कांहीं करवतीनें उभे कापून रस आंत मुरला कीं नाहीं तें पाहावें, कांहीं व्हाइसमध्यें धरून हातोड्यानें वांकवावे. लागोपाठ दहा तुकडे उतरेपर्यंत कॅरियरच्याही पलीकडे जाऊं नये.

तडा गेलेला सांगाडा मात्र चांगल्या कारागिराकडे न्यावा. तो तड्याच्या टोकास बारीक भोंक पाडतो काय, तडा घांसून त्याची खोबण करतो काय, आणि वरून पट्टी दिल्यास तिचीं टोकें निमुळतीं ठेवतो काय, हें उभें राहून पाहावें. तडा कां गेला हेंही त्यास विचारावें. चाळीस लिटरच्या दोन कॅनांत सुमारें ८२ किलो दूध मावतें, कॅनांचें वजन वेगळें; तें ओझें तसेंच राहिलें तर उत्तम सांध्याच्या शेजारीं दुसरा तडा जाईल. दुरुस्तीनंतर आठ दिवसांनीं सांध्यावर रॉकेल लावून पुसावें व खडूची भुकटी फासावी. तडा असेल तर आंत राहिलेलें रॉकेल बाहेर येऊन खडूवर बारीक ओली रेघ उमटते.