विश्लेषण : सैनिकाच्या पाठीवरचे ओझे कमी का होत नाही?

१ जुलै १९१६. सकाळी साडेसातला फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश पायदळ खंदकांतून बाहेर पडले, तेव्हा प्रत्येक सैनिकाच्या अंगावर सुमारे ३० किलो वजन होते. तेही मोठी पाठपिशवी मागे ठेवून! त्या एका दिवसात ५७ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मारले गेले, जखमी वा बेपत्ता झाले. मृतांची संख्या १९ हजारांवर होती. जर्मन मशीनगन आणि न तुटलेली काटेरी तारांची कुंपणे ही या संहाराची मुख्य कारणे. मात्र ब्रिटिशांच्या अधिकृत युद्धेतिहासाने ओझ्याचीही दखल घेतली आहे. एवढे वजन घेऊन खंदकातून वर चढणेच कठीण होते. धावणे किंवा चटकन आडवे होऊन पुन्हा उठणे तर दूरच.

३० किलोमध्ये होते तरी काय?

चार किलोची रायफल, संगीन, काडतुसे, दोन हातबॉम्ब, पोलादी शिरस्त्राण, विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा, पाण्याची बाटली, दिवसाचा शिधा, शिवाय अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा डबाबंद मांस-बिस्किटांचा वेगळा शिधा, जखमेवर बांधायची पट्टी आणि वाळू भरण्यासाठी दोन रिकामी पोती. अनेकांकडे याखेरीज फावडी, कुदळी, तारा कापायच्या कात्र्या. जिंकलेल्या खंदकात लगेच मोर्चेबांधणी करायची होती, म्हणून हे सारे. यांतील शिरस्त्राण, मुखवटा आणि हातबॉम्ब १९१४ मध्ये सामान्य शिपायाकडे नव्हते. दोन वर्षांत एकेक वस्तू वाढत गेली. प्रत्येकीमागे सबळ कारण होते. एकूण बेरीज मात्र उचलणाऱ्याच्या वाट्याला आली.

सामान वाहण्याची रचनाच सदोष होती?

उलट, ती त्या काळातील उत्तम रचनांपैकी एक होती. बोअर युद्धात (१८९९-१९०२) चामडी पट्टे-पिशव्यांनी ब्रिटिशांना दगा दिला. चामडे भिजले की ताणले जाई, वाळले की कडक होई. पट्ट्यांतून काडतुसे गळून पडत. त्यातून १९०८ मध्ये जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा संच आला. छातीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच कप्पे, प्रत्येकात १५ काडतुसे, म्हणजे एकूण १५०. एका बाजूला झोळी व संगीन, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली, पाठीवर डगला ठेवायची पिशवी. खंदक खणण्याच्या छोट्या अवजाराचीही सोय होती. पुढचे-मागचे वजन एकमेकांना तोलून धरी. अख्खा संच जाकिटासारखा एका झटक्यात उतरवता येई. महायुद्ध सुरू झाल्यावर सुती पट्ट्यांचे उत्पादन अपुरे पडले आणि नव्याने भरती झालेल्या लाखोंसाठी पुन्हा चामडेच वापरावे लागले, हा भाग वेगळा. पण वजन सुखाने वाहता येऊ लागले की ते आणखी वाढवण्याचा मोह वरिष्ठांना आवरत नाही, हेही याच संचाने दाखवले.

मर्यादा किती असावी?

१९२० च्या दशकात ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी उत्तर दिले : शरीराच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे ६५ किलोच्या शिपायासाठी २१-२२ किलो. ते कागदावरच राहिले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरलेले अमेरिकी सैनिक इतके लादलेले होते, की खोल पाण्यात पडलेले कित्येक जण बुडाले. अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९५० मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे इतर काही दावे वादग्रस्त ठरले, पण एक मुद्दा आजही विचारात घेतला जातो. भीती श्रमाइतकीच शक्ती शोषते, त्यामुळे लढाईतले ओझे सरावातल्यापेक्षा हलके हवे. साधारण १८ किलो.

मग कमी सामान हाच उपाय?

तसेही नाही. १९६२ मध्ये नामका चू खोऱ्यातील भारतीय ब्रिगेडचे अनेक जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि जेमतेम ५०-५० काडतुसांनिशी चिनी सैन्यासमोर उभे होते. ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी ‘हिमालयन ब्लंडर’मध्ये ही दैना मांडली आहे.

खरा उपाय म्हणजे सामान दुसऱ्या कशावर तरी लादणे : खेचर, ट्रक, हेलिकॉप्टर. तो बेभरवशाचा असतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे जहाज अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांना बळी पडले आणि त्यावरील तीन चिनुक हेलिकॉप्टर नष्ट झाली. ब्रिटिश रॉयल मरीन्सनी मग सुमारे ३६ किलो पाठीवर घेऊन तीन दिवसांत ९० किलोमीटर अंतर पायी कापले.