सक्तीचे शिक्षण

विशिष्ट वयोगटातील प्रत्येक मुलामुलीने ठराविक वयापर्यंत किंवा इयत्तेपर्यंत शिक्षण घेतलेच पाहिजे, असे कायद्याने बंधन घालून दिले जाणारे शिक्षण. व्यवहारात ते बहुधा प्राथमिक शिक्षणापुरते मर्यादित असते. ते मोफत असणेही ओघानेच येते. कारण ज्या गोष्टीची सक्ती करावयाची तिचे मूल्य गरिबाकडून वसूल करणे न्यायाला धरून होत नाही. इंग्लंडमध्ये मात्र शाळेतील उपस्थिती १८८० मध्ये सक्तीची झाली आणि प्राथमिक शाळांतील फी बहुतांशी रद्द होण्यास १८९१ साल उजाडावे लागले.

शिक्षणाचा लाभ शिकणाऱ्याला मिळतो हे उघड आहे. मग तो घेण्याची सक्ती का करावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे एक उत्तर असे, की बालवयात शिक्षणाचा निर्णय शिकणारा घेत नाही, पालक घेतो. मूल शाळेत गेले तर घरातील राबणारे दोन हात कमी होतात आणि ही तूट त्याच दिवशी जाणवते. लाभ मात्र पंधरावीस वर्षांनी आणि मुख्यतः मुलाच्या पदरात पडतो. खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा, अशा या व्यवहारात मुलाच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. ती बाजू राज्यसंस्थेने घ्यावी, हे सक्तीच्या कायद्यांमागील मूळ तत्त्व होय.

दुसरे उत्तर समाजहिताचे आहे. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे दंगे केले, त्यांत त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून घेऊन जाळण्यात आले. कापसाच्या भावातील घसरण, शेतसाऱ्यातील वाढ ही कर्जबाजारीपणाची कारणे नुसत्या अक्षरओळखीने दूर झाली नसती, हे खरे. तथापि रोख्यात काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्या कुळाची निशाणी न्यायालयात त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरत असे. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने असे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर करण्याची तरतूद केली. कुळाला वाचता येत नाही म्हणून सरकारला वाचता येणारा दुसरा माणूस नेमावा लागला. निरक्षरतेचा भुर्दंड एकट्या निरक्षरावर पडत नाही, हे यावरून दिसते. आईच्या शिक्षणाबरोबर बालमृत्यूचे प्रमाण घटते, हा अनेक देशांत आढळलेला संबंधही याच प्रकारचा आहे.

प्रशियात फ्रीड्रिख द ग्रेट याने १७६३ मध्ये ग्रामीण शाळांसंबंधी नियमावली काढून सक्तीचा पाया घातला. जपानने १८७२ च्या शिक्षणसंहितेने सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाचे ध्येय स्वीकारले. परंतु फी व करांचा बोजा शेतकऱ्यांवर पडल्याने काही भागांत लोकांनी शाळाच पेटवून दिल्या. सोयी व पैसा यांची तजवीज न करता केलेल्या सक्तीचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

भारतात या मागणीला तर्कशुद्ध रूप दिले ते जोतीराव फुले यांनी. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी म्हटले होते. सरकारचा महसूल प्रामुख्याने रयतेच्या श्रमातून येतो आणि त्याचा शिक्षणासाठीचा वाटा मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. शिक्षण ही सरकारची मेहेरबानी नसून ज्याने कर भरला त्याचे येणे आहे, असा त्याचा आशय होतो. पुढील काळातील बहुतेक युक्तिवाद या निवेदनाच्या मानाने सौम्यच वाटतात.

प्रत्यक्ष प्रयोग प्रथम संस्थानांत झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये ती सर्व संस्थानभर लागू केली. तीत मुलींचाही समावेश होता. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या विषयाचा ठराव आणला व १९११ मध्ये विधेयक मांडले. विधेयक अत्यंत सावध होते. जेथे मुलांचे काही एक प्रमाण आधीच शाळेत जाते, तेथेच स्थानिक संस्थांनी सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना सक्ती लागू करावी, एवढीच त्यात अपेक्षा होती. तरीही १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपयापर्यंत दंड ठेवला. त्याआधी १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला होता, हे या संदर्भात विसरता येत नाही. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला; तो नगरपालिकांपुरता व ऐच्छिक होता. त्यानंतर १९२३ व १९४७ चे प्राथमिक शिक्षणाचे कायदे आले.

संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० मध्ये उलटून गेली. देशातील साक्षरतेचे प्रमाण १९५१ मध्ये सुमारे १८ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत ते सुमारे ७३ टक्के व महाराष्ट्रात सुमारे ८२ टक्के आढळले. सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा उन्नीकृष्णन खटल्यातील निर्णय, २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम (अंमल १ एप्रिल २०१० पासून) या मार्गाने सहा ते चौदा वयोगटाचे शिक्षण हा मूलभूत हक्क बनला. या अधिनियमातील ‘सक्ती’ची व्याख्या लक्षणीय आहे. आधीच्या कायद्यांतील दंडाचा बडगा पालकावर होता. येथे प्रवेश, उपस्थिती व शिक्षणपूर्ती यांची हमी घेण्याचे बंधन शासनावर आहे. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य मानले असले, तरी त्यासाठी त्याला शिक्षा नाही. शाळाच नसलेल्या पाड्यावरील बापाला दंड करण्यातील अन्याय या बदलामुळे दूर झाला.

तथापि मुलांचे काम हा अडथळा कायद्याच्या शब्दांनी हटत नाही. गुरे राखणे, धाकटे भावंड सांभाळणे, पाणी भरणे ही कामे खेड्यात मुलांकडेच असतात आणि त्यांतही मुलींचा वाटा मोठा असतो. ठाणे जिल्ह्यातील (सध्या पालघर जिल्हा) कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालविली. मूल गुरे सोडून शाळेत येत नसेल, तर शाळेने कुरणात जावे, ही तीमागील कल्पना. मद्रास राज्यात १९५६ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९५ पासून देशव्यापी झालेल्या शालेय भोजनाने गरीब पालकाच्या हिशेबात निदान एका जेवणाची भर घातली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत अवघड रूप ऊसतोडणी कामगारांच्या मुलांत दिसते. बीड व लगतच्या जिल्ह्यांतील ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग या काळात येतो. गावच्या हजेरीपटावर नाव असलेले मूल तेव्हा कारखान्याच्या तळावर कोपीत भावंड सांभाळीत असते किंवा वाढे गोळा करीत असते. त्यासाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा काढण्यात आल्या. तळ विखुरलेले असल्याने आणि तोडणीची जागा बदलत राहिल्याने त्यांना मर्यादा पडल्या. पुढे हंगामी वसतिगृहांची योजना आली. तीनुसार आईवडील बाहेर असताना मुलाने गावातच राहून आपल्या शाळेत शिकावे व त्याच्या भोजनाची सोय शासकीय खर्चाने व्हावी, अशी व्यवस्था आहे. आजीआजोबा किंवा जवळचे नातलग गावात असले, म्हणजे मुलगे मागे ठेवले जातात. वयात येऊ लागलेल्या मुलींना मागे ठेवण्यास पालक धजत नाहीत आणि त्यांना तळावर नेतात.