ओहमचे दोन नियम आणि गाडीतला मुका वूफर

कंपनीच्या म्युझिक सिस्टिमला जोड म्हणून डिकीत सबवूफर बसवला, वायरिंग नवे टाकले, पैसे मोजले आणि तरीही छातीत जाणवणारा दणका काही येईना, ही तक्रार जबलपुरात काय किंवा पुण्यात काय, सारखीच असते. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे आणखी मोठा ॲम्प्लिफायर घ्या. बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. वूफर निर्दोष असतो, दोष जोडणीत असतो आणि तो सापडत नाही, कारण आपण तो आवडते गाणे लावून कानाने शोधतो. या कामात कान आपल्याला का फसवतो, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या एका वादात आहे. त्या वादाच्या एका बाजूला होते विद्युतरोधाचा नियम देणारे गेऑर्ग ओहम.

ऑगस्ट सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने भोके पाडलेल्या फिरत्या चकतीवर हवेचा झोत सोडून सायरनचे प्रयोग केले. मूळ स्वर अगदी क्षीण असला तरी कान तोच स्वर स्पष्ट ऐकतो, असे त्याला १८४१ च्या सुमारास आढळले. ओहम यांना हे पटले नाही. फूरियेच्या गणिताचा आधार घेऊन त्यांनी १८४३ मध्ये मांडले की कान आवाजातले घटक सुटे करून ऐकतो. जो घटक जवळजवळ नाहीच, तो ठळक ऐकू येणे हा भ्रम होय. सीबेक १८४९ मध्ये वारला. पुढे १८६३ मध्ये हेल्महोल्ट्झसारख्या दिग्गजाने ओहमची बाजू घेतली आणि सीबेकचे म्हणणे मागे पडले. ते खरे होते हे १९४० च्या सुमारास फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या स्खाउटन यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले. तरीही पाठ्यपुस्तकांत सीबेक हे नाव येते ते उष्णताविद्युत परिणाम शोधणाऱ्या त्याच्या वडिलांचे! ध्वनिशास्त्रावर मुलाचे ऋण कमी नाही.

आता हे गाडीत आणून पाहा. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर कंप पावते. दारातल्या सहा इंची स्पीकरला तो स्वर जेमतेम काढता येतो. पण त्याचे ८२, १२३ हर्ट्झचे उपस्वर तो सहज काढतो आणि मूळ स्वर मेंदू स्वतः भरून घेतो. म्हणजे वूफर पूर्ण बंद असला तरी गाण्यातली बेसची चाल ऐकू येतच राहते. हरवतो तो फक्त दणका. म्हणून तपासणीसाठी गाणे नको, एकच शुद्ध स्वर हवा. दारातले स्पीकर बंद करून हलक्या आवाजात ४० हर्ट्झचा स्वर लावा. त्यात उपस्वर नाहीत, त्यामुळे मेंदूला भर घालायला काही उरत नाही. मग सगळे स्पीकर चालू करून ८० हर्ट्झ लावा, कारण या पट्ट्यात वूफर आणि दारातले स्पीकर दोघेही बोलतात. वूफरच्या दोन तारा उलटसुलट करून पाहिल्यावर आवाज भरदार झाला, तर आधीची जोडणी उलटी होती. जात्याचा खुंटा दोघींनी विरुद्ध दिशांना ओढावा तसे ते होत होते. तिथे ताकद वाढवून दळण होत नाही. दोन कॉइलच्या वूफरमध्ये एक कॉइल उलटी जोडली गेली, तर पडदा जागचा हलतही नाही. वूफर ॲम्प्लिफायरपासून सोडवून प्रत्येक कॉइलला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. धनाला धन जुळले की पडदा बाहेर येतो.

ऐकण्याबाबत ओहम चुकले, पण तारेबाबत १८२७ चा त्यांचा नियम अढळ आहे. ५०० वॉट देणारा, ८० टक्के कार्यक्षम ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात साडेतेरा व्होल्टवर सुमारे ४६ अँपिअर ओढतो. परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असते. अर्थिंगच्या बोल्टखाली रंग राहिला किंवा पावसाळ्यात गंज धरला आणि तिथे ०.०५ ओहमचा रोध आला, तर २.३ व्होल्ट तिथेच गळतात. नेमक्या दणक्याच्या क्षणी ॲम्प्लिफायर उपाशी राहतो आणि बंदही पडू शकतो. गाणे जोरात चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि ॲम्प्लिफायरचा अर्थिंगचा स्क्रू यांत मल्टिमीटर धरा; अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर पत्रा घासून चकचकीत करा. लष्कराची जोंगा ही जीपसारखी गाडी जिथे बनली, त्या जबलपुरात गाडीचा पत्रा जाणणाऱ्या हातांना हे काम काही मिनिटांचे आहे.

कोणी म्हणेल, ऐकायचे शेवटी कानांनीच, मग मीटरचे स्तोम कशाला? आवाज आवडीनुसार जुळवताना कानाचाच निवाडा अंतिम, हे मान्य. पण दोष शोधणे ही वेगळी पायरी आहे आणि ती आधीची आहे. दुसरा आक्षेप असा की माइक लावून सगळे आपोआप जुळवणारे प्रोसेसर आता मिळतात. ते उपयोगी आहेत. बोल्टखालचा रंग मात्र त्यांना खरवडता येत नाही. शिवाय कंपनीचे अनेक स्टीरिओ दारातले स्पीकर जपण्यासाठी आवाज वाढवताच बेस छाटतात. हेही मीटरच सांगतो: ५० हर्ट्झचा स्वर लावून व्हॉल्यूम वाढवत न्या आणि सिग्नलच्या तारांवरचा एसी व्होल्टेज पाहा. तो मध्येच अडला किंवा घसरला, तर उणीव उगमात आहे. इक्वलायझर ताणून ती भरायला गेलात तर कॉइल जळेल.

तेव्हा नव्या ॲम्प्लिफायरचे पैसे देण्याआधी दुकानदाराकडे तीन गोष्टी मागा: तारा उलटवून केलेली ८० हर्ट्झची चाचणी, अर्थिंगवरची व्होल्टची गळती आणि आवाज वाढवताना सिग्नलचे मोजमाप. ही तिन्ही उत्तरे हाती येईपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.