आयडॉल ॲनिमे व प्रयोगगृहे

आयडॉल ॲनिमे : गायन व नृत्य करणाऱ्या तरुण कलावंतांच्या, म्हणजे ‘आयडॉल’च्या, जीवनावर आधारलेला जपानी सचेतनपटांचा एक प्रकार. पात्रांना आवाज देणारे कलावंत त्याच भूमिकांत रंगमंचावरही गातात. त्यामुळे चित्रमालिका, ध्वनिमुद्रिका, संगणकीय खेळ व जलसे मिळून एकच व्यवसाय उभा राहतो.

‘आयडॉल’ ही संज्ञा जपानमध्ये रूढ झाली ती सिल्व्ही व्हार्ताँ या गायिकेच्या, तेथे १९६४ मध्ये प्रदर्शित झालेल्या फ्रेंच चित्रपटामुळे. पुढे १९७१ मध्ये सुरू झालेल्या स्टार तांजो या दूरचित्रवाणी-स्पर्धेतून यामागुची मोमोए इ. किशोरवयीन गायिका पुढे आल्या. गळ्याच्या तयारीपेक्षा प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडत जाणारे, आपलेसे वाटणारे व्यक्तिमत्त्व हेच आयडॉलचे मुख्य भांडवल होय.

माक्रोस (१९८२) या मालिकेतील गायिका-नायिकेने सचेतनपटांतील या प्रवाहास चालना दिली. क्रीमी मामी (१९८३) मध्ये ओता ताकाको या नवोदित गायिकेनेच नायिकेस आवाज दिला. दि आयडॉलमास्टर हा २००५ मधील खेळ २०११ मध्ये मालिकारूपाने आला. लव्ह लाइव्ह! (प्रकल्प २०१०, मालिका २०१३) हीत बंद पडू पाहणारी शाळा वाचविण्यासाठी विद्यार्थिनी आयडॉल होतात. तीतील नऊ अभिनेत्रींनी पडद्यावरील नृत्ये रंगमंचावर साकारली आणि २०१६ मध्ये टोकिओ डोम या भव्य क्रीडागारात दोन दिवस जलसे केले.

याउलट, ‘भेटता येईल असा आयडॉल’ ही आकिमोतो यासुशी यांची कल्पना छोट्या प्रयोगगृहावर आधारलेली होती. एकेबी ४८ या संचाचे प्रयोग डिसेंबर २००५ पासून टोकिओतील आकिहाबारा भागात, सुमारे २५० प्रेक्षकांच्या नाट्यगृहात सुरू झाले. ध्वनिमुद्रिकेबरोबर हस्तांदोलनाची किंवा मतदानाची पत्रिका मिळे. या संचावरच एकेबी ००४८ (२०१२) ही मालिका निघाली.

या जवळिकीची किंमत कलावंतांना मोजावी लागते. प्रेमसंबंधांना मनाई करणारे करार अनेक आयडॉलवर लादले गेले. २०१६ मध्ये टोकिओच्या जिल्हा न्यायालयाने मात्र प्रेम करणे हे व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानले. २०१४ मध्ये हस्तांदोलन-समारंभात दोन तरुणींवर करवतीने हल्ला झाला. रेखाटलेली नायिका थकत नाही व वयानेही वाढत नाही; तिचा आवाज होणाऱ्या अभिनेत्रीस ती सवलत नसते.

या पद्धतीचे संच जाकार्ता (२०११) व बँकॉक (२०१७) येथे स्थिरावले. मुंबईसाठी २०१७ मध्ये एमयूएम ४८ ची घोषणा झाली. तथापि प्रयोग सुरू झाले नाहीत. महाराष्ट्रात कायमचे थिएटर, नायिकेच्या नावाने ओळखली जाणारी पार्टी आणि पुनःपुन्हा येणारा रसिक ही रचना मात्र नवी नाही. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, तसेच चौफुला, मोडनिंब येथील संगीतबारीची थिएटरे ही तिची ठळक उदाहरणे होत. तेथे फर्माईश व दौलतजादा समोरासमोर होते, तर जपानमध्ये तोच व्यवहार ध्वनिमुद्रिका व तिकिटे यांच्या आडून चालतो. दोहोंतही रसिकाची माया हाच चरितार्थाचा आधार असतो आणि कलावंत स्त्रीच्या खाजगी आयुष्यावर हक्क सांगितला जाण्याचा धोकाही त्यातूनच उद्भवतो.