लिनक्सवर विशेष चिन्हांचे टंकलेखन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिनक्स डेस्कटॉपवर ₹, °, ½ यांसारखी चिन्हे किंवा मराठीतील ‘ऱ्य’ हवे असल्यास अनेक जण ते अन्य मजकुरातून उचलून चिकटवतात, कारण कळफलकावर जे छापलेले नाही ते त्यावरून उमटणार नाही, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. या गृहीतकातून रूढ झालेले गैरसमज एकेक करून तपासणे आवश्यक आहे.

गैरसमज १ : कळीवर छापलेले अक्षरच त्या कळीतून उमटते.

वस्तुस्थिती : कळफलक अक्षर पाठवत नाही, तर कोणती कळ दाबली गेली एवढेच कळवतो, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या कळीला ठरावीक क्रमांक देतो आणि त्या क्रमांकापासून कोणते अक्षर घडवायचे हे ‘एक्सकेबी’ ही यंत्रणा निवडलेल्या मांडणीनुसार ठरवते. म्हणूनच कर्नलच्या लेखी ३० क्रमांकाची असलेली एकच कळ अमेरिकी मांडणीत ‘ए’, फ्रेंच मांडणीत ‘क्यू’, तर इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण मांडणीत ओकाराची मात्रा उमटवते.

गैरसमज २ : विशेष चिन्हांसाठी सांकेतिक आकडे पाठ करावे लागतात.

वस्तुस्थिती : कंट्रोल, शिफ्ट आणि यू या कळा एकत्र दाबून २०बी९ हा युनिकोड क्रमांक दिला, की अनेक प्रोग्रॅममध्ये ₹ उमटते हे खरे, परंतु त्याहून सोपे दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग तिसऱ्या पातळीचा, म्हणजे उजवी ऑल्ट कळ धरून दुसरी कळ दाबण्याचा असून, रुपयाचिन्हासह असलेल्या भारतीय इंग्रजी मांडणीत उजव्या ऑल्टसह ४ दाबले असता ₹ मिळते. दुसरा मार्ग ‘कम्पोज’ कळीचा आहे. ही कळ दाबून सोडल्यावर क्रमाने दाबलेल्या कळांचे एक चिन्ह बनते, जसे १ आणि २ यांपासून ½, तर दोनदा ‘ओ’ दाबल्यास °. कळफलकावर अशी स्वतंत्र कळ बहुधा नसते. तथापि ग्नोम आणि केडीई या दोन्ही डेस्कटॉपांच्या सेटिंग्जमध्ये दिलेल्या पर्यायांपैकी सोयीच्या कळीला ही भूमिका देता येते.

गैरसमज ३ : ‘दऱ्या’ हा शब्द नीट टंकित होत नाही, म्हणून ‘दर्या’ लिहून भागवावे.

वस्तुस्थिती : दरीचे अनेकवचन आणि समुद्रवाचक शब्द यांतील भेद युनिकोडने पूर्णपणे जपला आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास ऱ मिळतो आणि त्यानंतर ‘डी’वरील हलन्त व तिरप्या रेषेच्या कळीवरील य दाबला, की ‘ऱ्य’ तयार होतो.

गैरसमज ४ : मांडणी आणि इनपुट मेथड एकच.

वस्तुस्थिती : मांडणी प्रत्येक कळीचा स्वतंत्रपणे विचार करते, त्यामुळे रोमन ‘के’ आणि ‘एच’ या दोन अक्षरांवरून ‘ख’ घडवणारे उच्चारानुसारी लेखन तिच्या आवाक्यात येत नाही, आणि त्यासाठी आयबससारखी, अनेक कळांचा एकत्रित अर्थ लावणारी इनपुट मेथड लागते.

गैरसमज ५ : अक्षराऐवजी चौकोन दिसला, म्हणजे मांडणी चुकली.

वस्तुस्थिती : चौकोन दिसणे हे बहुतेक वेळा त्या चिन्हाचा आकार उपलब्ध फॉन्टमध्ये नसल्याचे लक्षण असते, योग्य फॉन्ट बसवल्यावर तोच मजकूर व्यवस्थित दिसतो.

शुद्ध लेखनासाठी लागणारी साधने लिनक्समध्ये विनामूल्य उपलब्ध आहेत. मराठी मांडणी आणि कम्पोज कळ एकदाच निश्चित करून ठेवावी, आणि कळफलकाच्या नावाखाली सदोष अक्षर स्वीकारण्याची सवय मराठी लेखकांनी सोडून द्यावी.