लहान लॅपटॉप घ्यावा, पण खोलता येणारा

मंठा, परतूर किंवा घनसावंगीहून जालन्यात शिकायला येणाऱ्या मुलामुलींना लॅपटॉप हवा असतो तो एसटीच्या गर्दीत सांभाळता येईल एवढा लहान आणि घरच्यांना झेपेल एवढ्या किमतीचा. पैसे बेताचे असले की बहुतेक घरांत सर्वांत स्वस्त नवा लॅपटॉप घेतला जातो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरायची तयारी असेल, तर त्याच पैशांत कार्यालयांतून निघालेला जुना, दणकट लॅपटॉप घेणे अधिक शहाणपणाचे आहे. स्वस्त नव्या यंत्रांत बऱ्याचदा 4 जीबी मेमरी आणि 64 जीबीची ईएमएमसी साठवण मदरबोर्डावरच पक्की बसवलेली असते. गरज वाढली तरी ती बदलता येत नाही.

याचा धडा महाराष्ट्राला 2007 मध्येच मिळाला आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराटच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप आले. त्यावर फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठीची ‘शुगर’ प्रणाली होती. पडदा उन्हातही वाचता येई. मात्र मेमरी 256 एमबी, साठवण 1 जीबी, आणि मेमरी वाढवायची सोय नव्हती. सॉफ्टवेअर कितीही खुले असले, तरी यंत्राला वाढायला जागा नसेल तर त्या खुलेपणाचा उपयोग लवकर संपतो.

आज परिस्थिती खरेदीदाराच्या बाजूची आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित पाठिंबा थांबला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे 2017 चा थिंकपॅड एक्स 270 सारखा साडेबारा इंची लॅपटॉप कार्यालयांच्या दृष्टीने जुना ठरतो. लिनक्सच्या दृष्टीने तो जुना नाही. लिनक्स मिंट 22 ला एप्रिल 2029 पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत. एक्स 270 मध्ये मेमरी आणि एसएसडी बदलता येते, मागची बॅटरी तर लॅपटॉप न खोलताच निघते. वीज जाणाऱ्या गावात ही सोय मोलाची आहे. त्याच मालिकेतल्या पुढच्या एक्स 280 मध्ये मात्र मेमरी बोर्डावर पक्की आहे. म्हणून केवळ नाव पाहून भागत नाही, मॉडेलचा आकडाही पाहावा लागतो. प्रोसेसर 64 बिटचाच हवा, कारण डेबियन 13 पासून 32 बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर येत नाही. किमान 8 जीबी मेमरी आणि एसएसडी असावी.

जुन्या मालाला वॉरंटी नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय खरेदीआधीच्या तपासणीत आहे. लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत न्यावा आणि काहीही इन्स्टॉल न करता दुकानातच त्यावरून लॅपटॉप सुरू करावा. वायफाय, आवाज, कॅमेरा, कीबोर्डची प्रत्येक कळ आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे तिथेच पाहावे. बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे, हेही लिनक्स दाखवते. नवी बॅटरी लागणार असेल, तर तिची किंमत सौद्यात धरावी.

दुसरा आक्षेप कामाचा आहे. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी फायली लिब्रेऑफिसमध्ये नीट दिसत नाहीत. ज्याचे पोट याच कामांवर आहे, त्याने विंडोजच घ्यावे. पण निबंध, हिशेबाची पाने, प्रोग्रॅमिंग, ऑनलाइन तास आणि इनस्क्रिप्टमधले मराठी लेखन एवढे ज्याचे काम आहे, त्याला लिनक्स पुरते. खरेदीच्या वेळी दुकानदाराला एकच प्रश्न आग्रहाने विचारावा: याची मेमरी, एसएसडी आणि बॅटरी उद्या बदलता येईल का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो लॅपटॉप कितीही चकचकीत असो, पैसे पुढच्या दुकानासाठी राखून ठेवावेत.