सर्वानुमते मंजूर

आपल्याकडील कोणत्याही संस्थेचे इतिवृत्त उघडून पाहा. पानापानावर एक शब्द हमखास आढळतो, तो म्हणजे 'सर्वानुमते'. मागील सभेचे इतिवृत्त सर्वानुमते कायम झाले, जमाखर्च सर्वानुमते मंजूर झाला, नवे कार्यकारी मंडळ सर्वानुमते निवडले गेले. हा शब्द लिहिताना चिटणीसाला समाधान वाटते आणि वाचताना सभासदाला. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाच जण एकच बोलले म्हणजे ते खरे असणार, हा आपला विश्वास. या विश्वासाची थोडी तपासणी करावी असे मी आज योजिले आहे. पाच मुखांतून एकच शब्द बाहेर पडला, तर त्यामागे पाच डोक्यांनी विचार केलेला असतोच काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम स्वतःचीच कबुली देतो. एका लहानशा पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी काही वर्षे होतो. एकदा एक मोठा कर्जअर्ज पुढे आला. तारण दिलेल्या जागेची किंमत मला फुगवलेली वाटली. विचारावे म्हणून मी तोंड उघडणार, तोच शेजारी बसलेल्या दोघा जाणत्या गृहस्थांकडे माझे लक्ष गेले. ते शांत होते. यांना शंका नाही, मग मलाच का असावी, असे मनाशी म्हणून मी मान डोलावली. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि यथावकाश कर्ज बुडाले. निवृत्त शिक्षक, भाजी विकणाऱ्या बाया, अशा ठेवीदारांना स्वतःच्याच पैशांसाठी खेटे घालावे लागले. पुढे त्या दोघा गृहस्थांशी बोलणे झाले तेव्हा कळले, की त्यांनाही तीच शंका आली होती आणि तेही माझ्या तोंडाकडे पाहून गप्प राहिले होते!

हा केवळ माझा भित्रेपणा, असे म्हणून सुटता येईल. परंतु सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांवरून हा रोग बराच सार्वत्रिक असल्याचे दिसते. प्रयोग अगदी साधा. एका पुठ्ठ्यावर एक रेघ आणि दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन रेघा. त्या तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, ते सांगावयाचे. एकेकट्याला विचारले तर कुणी सहसा चुकत नसे. पण खोलीत सात-आठ जण बसवले, त्यांतला एकच खरा परीक्षार्थी आणि बाकी सारे आधी पढवून ठेवलेले. ते सर्व जण एकामागून एक, गंभीर चेहऱ्याने, तेच चुकीचे उत्तर देत. मग परीक्षार्थीची पाळी येई. अशा वेळी सुमारे एक-तृतीयांश उत्तरे बहुमताच्या बाजूने, म्हणजे चुकीची, आली. प्रत्येक वेळी आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवणारे केवळ पावभर निघाले. समोरची रेघ दिसत असताना ही गत, तर जेथे काही स्पष्ट दिसत नाही अशा यंत्राच्या, पैशाच्या आणि कायद्याच्या प्रश्नांत काय होत असेल?

या तिन्ही क्षेत्रांतला एकेक दाखला घेऊ.

पहिला यंत्राचा. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच मोडले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच्या अग्निबाणाचे भाग जेथे जोडले जात, तेथे आतला तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून रबराची कडी बसवलेली असत. थंडीत रबर कडक होते आणि फट लवकर भरून काढीत नाही. हे अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल या कंपनीतील रॉजर बोझोले आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांना ही भीती होती. आदल्या रात्री दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत त्यांनी स्पष्ट सांगितले, की तपमान ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये. कंपनीची प्रथम शिफारसही तीच होती. परंतु 'नासा'च्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून घेतला आणि अभियंत्यांना बाजूला ठेवून आपसांत निर्णय फिरवला. अभियंत्याची टोपी उतरवून आता व्यवस्थापकाची टोपी घाला, असे त्यांतल्या एकाला सांगण्यात आले. बैठक पुन्हा सुरू झाली. कुणाचे वेगळे मत आहे काय, अशी विचारणा झाली. कुणी बोलले नाही! दुसऱ्या दिवशी उड्डाणाच्या वेळी तपमान अवघे ३६ अंश फॅरनहाइट होते.

या बैठकीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानातही न येता उलटली होती. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी शंका घेणाऱ्यांवर येऊन पडली. सिद्धतेचा भार असा गुपचूप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला, की समजावे, येथे विचार थांबला आहे आणि केवळ संमती गोळा होत आहे.

दुसरा दाखला व्यापाराचा, आणि आपल्या शेजारच्या हैदराबादचा. १६ डिसेंबर २००८ रोजी 'सत्यम' या नामांकित संगणक कंपनीच्या संचालक मंडळापुढे एक प्रस्ताव आला. कंपनीच्या अध्यक्षांच्या कुटुंबाचे हितसंबंध असलेल्या 'मेटास' नावाच्या दोन बांधकाम कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलर देऊन विकत घ्यावयाच्या. संगणकाच्या कंपनीने जमिनी आणि इमारतींच्या धंद्यात का पडावे, हा प्रश्न रस्त्यावरच्या माणसालाही सुचला असता. मंडळावर स्वतंत्र संचालक म्हणून व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक होते, तंत्रज्ञ होते, माजी उच्च शासकीय अधिकारी होते. प्रश्न विचारले गेले नाहीत असे नाही. पण अखेर प्रस्ताव सर्वानुमते मंजूर झाला! जे मंडळाला जमले नाही ते भागधारकांनी केले. त्यांनी इतका गदारोळ केला की काही तासांतच हा व्यवहार मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की कंपनीच्या हिशेबात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड मुळात अस्तित्वातच नव्हती. विद्वत्ता ही एकमताच्या मोहावर पुरेशी ढाल नव्हे, हे या प्रकरणावरून दिसते. उलट विद्वान माणसे एकत्र बसली, की प्रत्येक जण दुसऱ्याच्या विद्वत्तेवर भार टाकून निर्धास्त होतो.

तिसरा दाखला कायद्याचा. १९७५ च्या आणीबाणीत हजारो माणसे चौकशीवाचून तुरुंगात होती. त्यांना न्यायालयात दाद मागता येते काय, हा प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी 'येते' असे म्हटले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी 'येत नाही' असा निकाल दिला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध गेले. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कुणाचा जीव घेतला तरीही इलाज नाही काय, असे त्यांनी सुनावणीत सरकारच्या महान्यायवादींना विचारले होते, आणि आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर मिळाले होते. पुढच्याच वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यात आले व त्यांनी राजीनामा दिला. परंतु त्यांचा निकाल कागदावर राहिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली, आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय रद्दबातल ठरवला. त्या बहुमतात मुंबई उच्च न्यायालयातून पुढे आलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते, आणि तो निर्णय चुकीचा होता हे २०१७ साली लिहिणारे त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. बहुमतातलेच दुसरे न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ मध्ये जाहीर कबुली दिली. आपण प्रथम त्या मताचे नव्हतो, सहकाऱ्यांच्या बाजूला कसे वळलो हे आपल्यालाच कळत नाही, अशा आशयाचे ते बोलले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची ही कबुली वाचताना मला त्या पतसंस्थेतली माझी खुर्ची आठवली.

येथे कुणी रास्त आक्षेप घेईल. प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीला विरोध करावयाचा ठरवले तर सभा संपायच्या कधी? आणि एकटा पडलेला माणूस शहाणाच असतो असे थोडेच आहे? आडमुठेही एकटेच असतात. हे मला मान्य आहे. विरोध हा काही सद्गुण नव्हे; कारण दिलेला विरोध हा सद्गुण. खन्नांनी कायदा मांडला, बोझोले यांनी अनुभव मांडला. आणि विरोधकांकडूनही उणीव राहते, हे 'चॅलेंजर'च्या चौकशीत दिसले. त्या रात्री अभियंत्यांनी कड्यांना इजा झालेलीच उड्डाणे प्रामुख्याने पुढे ठेवली. इजा न झालेली उड्डाणेही शेजारी मांडली असती तर चित्र लख्ख झाले असते. ६६ अंश किंवा अधिक तपमानातील वीस उड्डाणांपैकी केवळ तिनांत दोष आढळला होता आणि ६३ अंश वा त्याहून कमी तपमानातील चारही उड्डाणांत तो होता. म्हणून विरोध करणाऱ्याने आपला पुरावा नीट लावून आणावा, दुसऱ्याच्या हेतूवर शिंतोडे उडवू नयेत, आणि काय दाखवले असता आपण मत बदलू हेही सांगावे.

आता उपाय. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी एक चांगली शिस्त घालून दिली होती. सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावयाचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे जास्तीत जास्त बळकट करून सांगावयाचे, आणि मग उत्तर द्यावयाचे. रोमन कॅथलिक चर्चने कुणास संतपद देण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी १५८७ पासून नेमला होता. मात्र नेमून दिलेला विरोध हा नाटकातल्या लढाईसारखा बोथट होण्याचा संभव असतो. खरी शंका ज्याच्या मनात आहे त्याला बोलते करणे अधिक मोलाचे. त्यासाठी दोन-तीन साध्या गोष्टी पुरतात. महत्त्वाच्या प्रश्नावर चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे. अ‍ॅश यांच्या प्रयोगातही उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यावयास सांगितले, तेव्हा चुका पुष्कळ कमी झाल्या. अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे. १९६१ च्या क्यूबावरील फसलेल्या स्वारीनंतर, १९६२ च्या क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात अध्यक्ष केनेडी काही बैठकांना मुद्दामच गैरहजर राहिले, ते सल्लागारांनी मोकळेपणाने बोलावे म्हणून. आणि विरोधी मत इतिवृत्तात कारणांसह नोंदले जावे. खन्नांचे मत लिहिलेले होते, म्हणूनच ४१ वर्षांनी त्याचा आधार घेता आला.

शेवटी अ‍ॅश यांच्या प्रयोगातील एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि मला वाटते तीच सर्वांत आशादायक. त्यांनी त्या पढवलेल्या मंडळींत एकच माणूस असा ठेवला, की जो खरे उत्तर देई. एवढ्यानेच परीक्षार्थीच्या चुका पावपटीवर आल्या. बाकी सारी खोली विरुद्ध असतानाही एका सोबत्याने एवढा फरक पडला! पहिला विरोध करण्याचे धैर्य आपणा सर्वांत नसेल. ते खन्नांसारख्यांत असते आणि त्याची किंमत त्यांना द्यावी लागते. पण दुसरे होण्यास फारसे धैर्य लागत नाही.

आपल्या सभांत ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. अनुमोदकावाचून ठराव पुढे जात नाही. शंकेला मात्र अनुमोदक असावा असे आपल्याला कधी वाटले नाही. ती एकट्याने उठून बोलावयाची आणि एकट्यानेच गिळावयाची. पुढच्या वेळी आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या, शाळेच्या किंवा बँकेच्या सभेत कुणी चाचरत उभा राहून म्हणाला, "मला हे नीट समजले नाही," तर त्याच्याकडे वळून हसू नका. आपल्याही मनात तेच असेल तर उठा आणि म्हणा, "मलाही समजलेले नाही. त्यांच्या प्रश्नाला माझे अनुमोदन आहे." त्या पतसंस्थेच्या सभेत आम्ही तिघे होतो. एकाने तोंड उघडले असते तर दोघे अनुमोदक शेजारीच बसलेले होते.